दुपारी तीन वाजता फादर कुठे होते?

वाचकाचे पत्र, थोडक्यात : नाशिक शहरातील एका जुन्या प्रोटेस्टंट मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीच्या सेक्रेटरी असलेल्या भगिनीने हे पत्र लिहिले आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत. गेल्या वर्षी त्यांनी कमिटीपुढे एक प्रस्ताव ठेवला. त्यांची स्वतःची मंडळी, जवळचा कॅथलिक धर्मग्राम (पॅरिश), सातपूरकडची एक मल्याळी मंडळी आणि एका इमारतीच्या गच्चीवर भरणारी नवी संगती (फेलोशिप), अशा चौघांनी मिळून गुड फ्रायडेची उपासना करावी, असा तो प्रस्ताव होता. दुपारी बारा ते तीन ही वेळ आणि ख्रिस्ताने वधस्तंभावर काढलेल्या सात उद्गारांवर सात वक्ते, असा बेत ठरला. फादरांनी ‘त्या वेळी आम्हाला शक्य होणार नाही’ एवढेच कळवले आणि कमिटीतल्या वडीलधाऱ्यांना तो अपमान वाटला. नंतर निदान नाताळात तरी एकत्र यावे म्हणून बैठक झाली, पण बॅनरवर कोणाचे नाव आधी आणि व्यासपीठावर कोणाच्या किती खुर्च्या, यावरच ती मोडली. मल्याळी मंडळीने नम्रपणे अंग काढून घेतले. नव्या संगतीला बोलावूच नये असे कमिटीचे म्हणणे पडले, कारण गेल्या तीन वर्षांत या मंडळीतली अकरा कुटुंबे तिकडे गेली आहेत. भगिनी लिहितात : “आपण आधीच मूठभर, त्यात चौघांची तोंडे चार दिशांना. बाहेरचे लोक हसतात. एकाच प्रभूला मानणारे आपण दफनभूमीतसुद्धा दोन बाजूंना झोपतो, मध्ये पायवाट. आमच्या आचार्यांचा (पाळकांचा) विरोध नाही, पण पुढाकारही नाही. कमिटीत मी एकटी पडले आहे. राजीनामा द्यावा, की आणखी एकदा प्रयत्न करावा?”

प्रिय भगिनी,

जय ख्रिस्त. तुमच्या पत्रातले एक वाक्य मी बाजूला काढून ठेवले आहे : ‘त्या वेळी आम्हाला शक्य होणार नाही.’ तुमच्या कमिटीने यातला नकार तेवढा ऐकला आणि ‘त्या वेळी’ हे दोन शब्द ऐकलेच नाहीत, असे मला वाटते.

गुड फ्रायडेला कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे भाकर व द्राक्षारस पवित्र करण्याची नेहमीची उपासना, होत नाही. बहुतेक ठिकाणी दिवसाची सुरुवात क्रुसाच्या वाटेने, म्हणजे येशूच्या वधस्तंभापर्यंतच्या प्रवासाचे टप्पे आठवत केलेल्या प्रार्थनेने, होते आणि दुपारी तीनच्या सुमारास, म्हणजे प्रभूने प्राण सोडला त्या घटकेला, मुख्य विधी सुरू होतो. त्यात योहानाच्या शुभवर्तमानातील दुःखसहनाचे वाचन असते, साऱ्या जगासाठी लांबलचक प्रार्थना असतात, एकेक माणूस पुढे येऊन क्रुसाला वंदन करतो आणि शेवटी आदल्या गुरुवारच्या मिस्सेत पवित्र झालेल्या भाकरीचे कम्युनियन, म्हणजे प्रभुभोजन, दिले जाते. धर्मग्रामाच्या फादरांचा वर्षातला हा सर्वांत धावपळीचा दिवस, आणि त्या दिवशी त्यांचा उपवासही असतो. आता तुमचा बेत डोळ्यांसमोर आणा. ‘हे बापा, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो’ या सातव्या उद्गारावर तुमचा शेवटचा वक्ता बोलत असताना फादरांनी तुमच्या पायऱ्या उतरायच्या, रिक्षा शोधायची आणि आपल्या चर्चमध्ये पोहोचून झगा चढवायचा. तुम्ही त्यांना सहकार्य मागितले खरे, पण त्यासाठी त्यांच्याच लोकांना वाऱ्यावर सोडून येण्याची वेळ सांगितली. हे तुमच्या लक्षात आले नाही यात तुमचा दोष नाही. शेजारच्या चर्चमध्ये दुपारी तीन वाजता काय चालते हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक नसते, आणि माझ्या मते तुमच्या पत्रातली खरी अडचण व्यासपीठावरच्या खुर्च्यांपेक्षा ही आहे.

याच अडचणीची दुसरी बाजूही सांगते. ती तुमच्या कमिटीच्या पुढच्या बैठकीत सांगायला हरकत नाही. बारा ते तीनची, सात उद्गारांची ती उपासना तुमच्या वडीलधाऱ्यांना अस्सल ‘आपली’ वाटते. ती सुरू झाली सतराव्या शतकाच्या अखेरीस, दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात, लिमा शहरात, आणि सुरू केली एका जेझुइट, म्हणजे कॅथलिक, धर्मगुरूने. अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या, मंडळ्यांनी ती एकोणिसाव्या शतकात उचलली आणि पुढे मिशनरी ती आपल्याकडे घेऊन आले. म्हणजे फादरांनी ज्या उपासनेला नकार दिला ती मुळात त्यांच्याच घरातून निघालेली होती, आणि हे तुम्हालाही माहीत नव्हते, कदाचित त्यांनाही नसेल.

आता तुमच्या ‘बाहेरचे लोक हसतात’ या वाक्याबद्दल. खरोखर हसतात का? ज्या शहरात सिंहस्थाला वैष्णव आखाडे रामकुंडावर स्नान करतात आणि शैव आखाडे त्र्यंबकेश्वरला कुशावर्तावर जातात, त्या शहराला पंथभेद म्हणजे काय किंवा मान आधी कोणाचा हा वाद कसा पेटतो, हे समजावून सांगावे लागत नाही. नाशिककर आपल्याकडे पाहून हसत असतील असे मला वाटत नाही. बहुतेकांना आपल्यात इतके प्रकार आहेत हेच माहीत नाही. लोक काय म्हणतील या धास्तीने जुळवलेली एकी बॅनरपुरती उरते, कारण तिचा पहिला प्रेक्षकच बाहेरचा असतो. म्हणून या प्रयत्नाच्या कारणांमधून हे कारण आधी काढून टाका, अशी माझी विनंती आहे. ‘आपण मूठभर’ हे कारणही जपून वापरा. संख्येच्या भीतीने एकत्र आलेली माणसे एकमेकांची डोकी मोजत बसतात, आणि मग अकरा कुटुंबांचा हिशेब प्रत्येक बैठकीत निघतो.

पायवाटेच्या दोन बाजूंना झोपलेल्यांविषयी तुम्ही लिहिले आहे, ते मला लागले. पण त्या दोन बाजू कशा पडल्या याचाही थोडा विचार करू या. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात आलेल्या प्रोटेस्टंट मिशनांनी साधारणपणे आपापले मुलूख वाटून घेतले होते, म्हणजे एकाच्या शिवारात दुसऱ्याने नांगर घालू नये. नाशिक चर्च मिशनरी सोसायटीकडे, म्हणजे अँग्लिकनांकडे होते. शरणपूरची वसाहत १८५० च्या दशकात त्यांनीच वसवली. शेजारचे अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे काँग्रिगेशनल पंथाचे. कोल्हापूर-सांगलीकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन होते. कॅथलिकांचे काम गोवा, वसई आणि नंतर जेझुइटांच्या वाटेने स्वतंत्रपणे पसरले. तेव्हा तुमच्या पणजोबांनी अँग्लिकन आणि काँग्रिगेशनल सिद्धान्त समोरासमोर ठेवून त्यांतला एक निवडला, असे बहुधा घडलेले नाही. ते नाशिक जिल्ह्यात राहत होते म्हणून ते एक झाले. प्रवरेपलीकडे राहिले असते तर दुसरे झाले असते. आपण ज्याला वडिलोपार्जित पंथ म्हणून कवटाळतो त्यात श्रद्धेचा भाग किती आणि नकाशाचा किती, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारत आले आहे. माझ्या बाबतीत उत्तर साधारण निम्मे-निम्मे आले.

हे कुंपण आपल्या माणसांना तेव्हाही खुपत होते. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला, त्यांनी दोन दशके मिशनचे काम केले आणि १९१७ साली मिशन सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला, ज्यात पंथाचे नाव नव्हते आणि बाप्तिस्मा न घेतलेल्या शिष्यांनाही जागा होती. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. टिळक त्यानंतर दोनच वर्षे जगले आणि त्यांच्यामागे दरबार फार टिकला नाही, पण पंथाची पाटी न लावता मराठी ख्रिस्ती माणसे एकत्र येऊ शकतात हा विचार मराठीत कोणी तरी आधीच करून ठेवला आहे, हे विसरू नये.

मात्र सगळे भेद नकाशाचे नाहीत, आणि इथे मी तुमच्या कमिटीतल्या वडीलधाऱ्यांची बाजू थोडी घेणार आहे. तुमच्या पत्रात त्यांच्याविषयी ‘अहंकार’ हा शब्द तीनदा आला आहे. खुर्च्यांच्या बाबतीत तो शब्द बरोबर असेलही. पण ‘ते आपल्याला कम्युनियन देत नाहीत, मग आपणच का जावे’ हे त्यांचे म्हणणे नुसता अहंकार नाही. त्यात दुखावलेपण आहे आणि एक खरा प्रश्नही आहे. कॅथलिक शिस्तीप्रमाणे कम्युनियन सामान्यतः कॅथलिकांनाच देता येते. त्याचा अर्थ ते तुम्हाला ख्रिस्ती मानत नाहीत असा नाही, तर त्यांच्या दृष्टीने एका वेदीवरचा सहभाग ही पूर्ण एकी झाल्याची खूण आहे, आणि ती एकी अजून झालेली नाही. केरळच्या काही सुरियानी परंपराही याबाबतीत तितक्याच काटेकोर आहेत. उलट पुष्कळ प्रोटेस्टंट मंडळ्यांत दुसऱ्या मंडळीच्या सभासदाला प्रभुभोजनाला मोकळीक असते. गच्चीवरच्या संगतीत बालपणीचा बाप्तिस्मा बहुधा धरत नसतील, आणि तिकडे गेलेल्यांना पुन्हा पाण्यात उतरावे लागले असेल. तुमच्या कमिटीला सर्वांत जास्त झोंबले असेल ते हेच, तुम्ही तसे लिहिले नसले तरी. हे प्रश्न संयुक्त नाताळच्या एका संध्याकाळी सुटणारे नाहीत आणि सुटल्याचे नाटकही करू नये.

ते सुटायला किती वेळ लागतो याचे उदाहरण आपल्या अंगणात आहे. नाशिकमधील जुन्या प्रोटेस्टंट मंडळ्यांपैकी बऱ्याच आज चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहेत. तुमची त्यांपैकी असेल तर कमिटीला हे आवर्जून सांगा. उत्तर भारतातल्या वेगवेगळ्या मंडळ्यांचे एकीकरणाचे बोलणे १९२९ साली लखनौला सुरू झाले आणि प्रत्यक्ष एकीकरण झाले २९ नोव्हेंबर १९७० रोजी, नागपूरला. मध्ये एक्केचाळीस वर्षे गेली. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट, अशा सहा मंडळ्या त्यात आल्या. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट इतकी वर्षे वाटाघाटींत होते आणि अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिले. बाप्तिस्मा बालपणी की समजत्या वयात, हा वाद तिथेही होताच, आणि त्यांनी तो कोणाला हरवून मिटवला नाही. दोन्ही पद्धती एकाच मंडळीत मान्य केल्या. ज्यांची स्वतःची मंडळी सहा घरे जोडून झाली आहे त्यांनी ‘आपले आपण बरे’ म्हणावे, यातली गंमत तुमच्या वडीलधाऱ्यांना तुम्ही हसत सांगू शकाल. चिडून सांगू नका.

मग करायचे काय? १९५२ साली स्वीडनमधल्या लुंड येथे जगभरातल्या मंडळ्यांच्या परिषदेत एक प्रश्न मांडला गेला होता, तो माझ्या शब्दांत असा : श्रद्धेतला खोल मतभेद जिथे वेगळे वागायला भागच पाडतो, तेवढ्या गोष्टी सोडून बाकी सगळे आपण एकत्र का करू नये? तुम्ही नेमका उलटा रस्ता धरलात. गुड फ्रायडेची उपासना आणि नाताळचे व्यासपीठ म्हणजे प्रत्येक मंडळीच्या वर्षातला सर्वांत जपलेला, सर्वांत ठरीव दिवस. जिथे प्रत्येकाचे स्वतःचे सर्वांत जास्त असते तिथेच तुम्ही पहिली वाटणी मागितली. माझा सल्ला असा की, पुढची दोन वर्षे या दोन्ही दिवसांना हात लावू नका. जी कामे चारही मंडळ्या आज एकेकट्या करतात आणि एकेकट्या असल्यामुळे धड करू शकत नाहीत, अशी कामे शोधा.

पहिले काम तुम्हीच पत्रात दाखवले आहे. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना पावसाळ्यानंतर गाजरगवत सारखेच माजते. कॅथलिक घराणी २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मृतिदिनी, कबरींवर फुले-मेणबत्त्या घेऊन येतात, म्हणून ऑक्टोबरच्या अखेरीस त्यांची बाजू साफ होते आणि तुमची तशीच राहते. तुमची माणसे ईस्टरच्या पहाटे येतात, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये तुमची बाजू चकचकीत असते आणि त्यांच्या बाजूला वाळलेले गवत उभे असते. म्हणजे एका दफनभूमीची वर्षातून दोनदा अर्धी-अर्धी सफाई होते. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी तुम्ही त्यांच्या बाजूला जा. परवानगीचे पत्र नको, बैठक नको. फादरांना भेटून ‘आमची पंधरा माणसे येतील, कोणत्या ओळीपासून सुरुवात करू?’ एवढेच विचारा. ईस्टरच्या आधी ते येतील की नाही, हे मी सांगू शकत नाही. आले नाहीत तरी पुढच्या ऑक्टोबरला तुम्ही पुन्हा जा.

दुसरे काम सिव्हिल हॉस्पिटलचे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी इकडून रुग्ण येतात, सोबत आलेल्या नातेवाइकाला शहरात ओळखीचे कोणी नसते, तो वऱ्हांड्यात चादर टाकून रात्र काढतो आणि डबा कुठून आणायचा इथपासून त्याची अडचण सुरू होते. तुमच्या महिला मंडळाच्या भगिनी अधूनमधून फळे घेऊन जातात असे तुम्ही लिहिले आहे. कॅथलिक सिस्टर जात असतील, संगतीतली तरुण मुलेही जात असतील, आणि बहुधा सगळे रविवारी दुपारीच जात असतील, म्हणून रविवारी एका खाटेवर चार डझन केळी जमतात आणि बुधवारी कोणीच येत नाही. वार वाटून घ्या. मल्याळी मंडळीत नर्सिंगमध्ये असलेल्या भगिनी निघतील. कोणत्या वॉर्डात काय लागते आणि कोणत्या वेळी गेल्यास कामात अडथळा होत नाही, हे त्यांच्याइतके कोणाला कळणार नाही. त्यांना पाहुणे म्हणून व्यासपीठावर बोलावण्याऐवजी ही विचारपूस करा. नम्रपणे अंग काढून घेणारी माणसे बहुतेक वेळा आपला उपयोग काय हे न कळल्यामुळे बाजूला होतात. मराठी कार्यक्रमात तीन तास बसण्याचा त्यांना कंटाळा आला असेल, हीही शक्यता आहेच.

या कामाला दोन नियम घालून घ्या. डबा, औषध, सोबत ही रुग्णाचा धर्म न विचारता द्यायची. आणि तिथे कोणीही आपल्या मंडळीचे पत्रक वाटायचे नाही किंवा ‘रविवारी आमच्याकडे या’ म्हणायचे नाही. रुग्णाच्या असहायतेचा कोणी गैरफायदा घेतला असे वाटण्याला जागाच राहू नये, आणि चार मंडळ्यांतला एकमेकांवरचा संशयही याच नियमाने आटोक्यात राहील.

संशयाचा विषय निघालाच आहे तर त्या अकरा कुटुंबांविषयी बोलते, आणि थोडे स्पष्ट बोलते. ‘मेंढरे पळवली’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे फार सैल वापरला जातो. मेंढराला पळवता येते; माणूस आपल्या पायांनी चालत जातो. ती कुटुंबे जाण्याआधीच्या वर्षभरात त्यांच्या घरी तुमच्या मंडळीतून कोण गेले होते? कोणाची नोकरी गेली, कोणाचे मूल दहावीत अडकले, कोणाच्या घरी आजारपण होते, हे कमिटीला माहीत होते का? आरोप म्हणून विचारत नाही. मी स्वतः एका मंडळीच्या कमिटीवर बसले आहे, आणि आमच्याकडे एक घर सोडून गेले तेव्हा त्यांच्या गेल्याची तक्रार करायला जितके जण जमले, त्यांच्यातला एकही त्यांच्या मुलीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी दवाखान्यात नव्हता. मीही नव्हते.

तरीही नव्या संगतीची जबाबदारी उरतेच. तिच्या पाळकांना एकट्याने, आचार्यांना बरोबर घेऊन भेटा आणि एकच मागणी करा : दुसऱ्या मंडळीचा सभासद त्यांच्याकडे येऊ लागला तर त्यांनी आचार्यांना फोन करावा, आणि जुन्या मंडळीचा दाखला मिळेपर्यंत, निदान तीन महिने, त्याचे नाव आपल्या रजिस्टरात घेऊ नये. तुम्हीही असा दाखला मागितल्यावर अडवून धरायचा नाही, आणि थकलेल्या वर्गणीसाठी तर मुळीच नाही. पुन्हा बाप्तिस्मा देण्याच्या प्रश्नावर तुमचे एकमत होणार नाही. त्यावर त्यांचे म्हणणे एकदा ऐकून घ्या, आपले सांगा आणि तो विषय तिथेच ठेवा. ते हो म्हणतील याची खात्री नाही. पण कमिटीत बसून त्यांच्याविषयी जे बोलले जाते ते त्यांच्यासमोर एकदा सभ्य शब्दांत बोलले गेले, तर वातावरणातला बराचसा दाब कमी होतो.

एकत्र प्रार्थना करायचीच नाही का? करायची, पण तिला वेगळी वेळ द्या. १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा सप्ताह जगात पुष्कळ ठिकाणी पाळला जातो. तो १९०८ साली अमेरिकेत सुरू झाला आणि १९६८ पासून त्याचे साहित्य कॅथलिक चर्च आणि जागतिक चर्च परिषद मिळून तयार करतात. त्यामुळे कोणत्याही फादरांना त्यासाठी वरून खास परवानगी शोधावी लागू नये; वेगळ्या मंडळ्यांच्या ख्रिस्ती बंधू-भगिनींबरोबर प्रार्थना करण्याला व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने १९६४ सालीच उत्तेजन दिले आहे. नाताळ उरकलेला असतो, ईस्टरआधीचा उपवासकाळ अजून सुरू झालेला नसतो, नाशिकची थंडी असते आणि लोकांना संध्याकाळी एका खोलीत बसायला आवडते. आठही दिवसांचा घाट घालू नका, एक संध्याकाळ पुरे. ज्यांच्याकडे प्रार्थना असेल त्यांनी आपल्या नेहमीच्या पद्धतीनेच ती चालवावी, सर्वांना चालेल असे बेचव मिश्रण करू नये. मात्र वाचन पाहुण्यांनी करावे आणि प्रवचन पाहुण्याने द्यावे. प्रभुभोजन त्या दिवशी नको. व्यासपीठ नको, शाल-श्रीफळ नको, खुर्च्या गोलाकार मांडा. गोलात पहिली खुर्ची कोणती हे कोणालाच ठरवता येत नाही.

एक छोटी गोष्ट आधी ठरवून ठेवा. आमच्या नाशिकरोडच्या जुन्या चाळीत एका शेजारणीच्या स्मरणप्रार्थनेला अर्धी खोली कॅथलिक होती आणि अर्धी आमच्यासारखी. सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणत होतो. ‘आम्हास वाइटापासून सोडव’ इथपर्यंत आवाज एक होता. तिथे अर्ध्या खोलीने आमेन म्हटले आणि उरलेली अर्धी ‘कारण राज्य, सामर्थ्य व गौरव ही सर्वकाळ तुझी आहेत’ म्हणत पुढे निघाली, मग आपण एकटेच बोलतो आहोत हे लक्षात येऊन मध्येच अडखळली. क्षणभर सगळे खाली बघत राहिले. तेव्हा त्या घरच्या म्हाताऱ्या आजींनी, आयुष्यभर मिस्सेला गेलेल्या बाईंनी, डोळे न उघडता ते उरलेले वाक्य सावकाश पूर्ण केले. ते शब्द त्यांनाही पाठ होते. मिस्सेत ते येतात, फक्त मध्ये फादरांची एक छोटी प्रार्थना असते. तुमच्या जानेवारीच्या कागदावर ही प्रार्थना शेवटापर्यंत छापा आणि कुठे थांबायचे ते सुरुवातीलाच सांगून टाका, म्हणजे कोणाला खाली बघावे लागणार नाही.

पैशाविषयी थोडक्यात : पहिले वर्षभर एकत्र निधी काढू नका. ज्याने त्याने आपला खर्च करावा. संयुक्त खाते, संयुक्त समिती, संयुक्त लेटरहेड यांतून संयुक्त भांडणच आधी जन्माला येते, हा माझा अनुभव आहे.

तुमच्यासारखेच प्रश्न मनमाड, मालेगाव, इगतपुरीहून लिहिणाऱ्यांनाही पडतात. तिथे मंडळ्या आणखी लहान आहेत आणि कित्येकदा एकाच घरात सून कॅथलिक, सासू प्रोटेस्टंट अशी विभागणी असते. त्यांना मी एवढेच सुचवीन की अशा घरांना अडचण समजू नका. दोन्हीकडचा दिनक्रम, दोन्हीकडचे शब्द ज्यांना येतात, ‘बाप्तिस्मा’ आणि ‘स्नानसंस्कार’ एकच हे ज्यांना सांगावे लागत नाही, अशी माणसे फक्त तिथेच सापडतात. तुमच्या मंडळीतही अशी एखादी सून नक्की असेल. गुड फ्रायडेचा बेत तिला आधी विचारला असता तर तीन वाजताचे तिने सांगितले असते.

आता राजीनामा. देऊ नका, पण कारण तुम्हाला वाटते ते नाही. सेक्रेटरीपदामुळे तुमच्याकडे ऐक्याचे काम आलेले नाही. ते पद सोडूनही दफनभूमीत जाता येते आणि सिव्हिलमध्ये डबा नेता येतो. पण सेक्रेटरीकडे सभासदांचे रजिस्टर असते, दाखले असतात, पत्रव्यवहार असतो, आणि ते अकरा दाखले अडवून धरले जाऊ नयेत हे पाहणारे कोणी तरी त्या खुर्चीवर हवे. कमिटीपुढे या वर्षी ‘ऐक्य’ हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर ठेवू नका. ‘दफनभूमीची सफाई, शनिवारी सकाळी सात’ असा ठेवा. ज्या वडीलधाऱ्यांना ऐक्य पटत नाही त्यांच्यातल्याही पुष्कळांचे आईवडील तिथे आहेत, आणि ते येतील.

विळे आणि खुरपी कोण आणणार, हे मात्र आदल्या रविवारी नावानिशी ठरवा. अशा सफाईला सगळे जण झाडू घेऊन येतात आणि गाजरगवत झाडूने निघत नाही.